शुश्रूषेचा जमाखर्च



ज्या मातोश्रींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या आयुष्याचा सारा उत्तरार्ध आपल्या अपंग मुलाच्या उशाशी गेला, आणि त्या सेवेची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात झाली नाही, ही गोष्ट ज्यांनी त्यांना पाहिले त्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा मला म्हणूनच दुसरा विषय सुचला नाही. आपण ज्या देशात येऊन स्थायिक झालो त्या अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांची सरकारे मेडिकेड या योजनेच्या खर्चाला जी कात्री लावीत आहेत, तिचा आघात घरच्या घरी शुश्रूषा करणाऱ्या आईबापांवर, पतिपत्नींवर आणि भावंडांवर, त्याचप्रमाणे अपंगांना आधार देणाऱ्या सेवांवर कसा होतो, हे मी आज मांडणार आहे. ही कपात अन्यायाची आहेच. परंतु ज्या काटकसरीच्या नावाने ती केली जाते ती काटकसरही तिच्यातून साधत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी आरंभीच सांगून ठेवतो.

३० जुलै १९६५ या दिवशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे मुद्दाम मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी गेले आणि तेथील ट्रूमन ग्रंथालयात, वृद्ध माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना शेजारी बसवून, त्यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली त्यातून मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्ही योजना निघाल्या. वृद्धांसाठीच्या मेडिकेअरचा गाजावाजा झाला, तिचे पहिले कार्ड ट्रूमन यांना मिळाले. मेडिकेड मात्र, गरिबांसाठी केलेली एक पुरवणी तरतूद म्हणून, सामाजिक सुरक्षेच्या कायद्याच्या एकोणिसाव्या प्रकरणात निमूटपणे जाऊन बसली. आज त्या पुरवणी तरतुदीवर सुमारे सात कोटी माणसे अवलंबून आहेत. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी सुमारे सहांचा खर्च तीच उचलते. आणि दीर्घकालीन शुश्रूषेवर या देशात जो एकूण पैसा खर्च होतो त्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा तिच्याच खात्यातून येतो. याचे कारण असे की, मेडिकेअर आणि खाजगी विमा हे दोन्ही मुख्यतः आजार बरा करण्यापुरते पैसे देतात. ज्याला आयुष्यभर कोणीतरी उठवावे, बसवावे, भरवावे आणि स्वच्छ करावे लागणार आहे, त्याचा भार त्यांपैकी कोणीही घेत नाही. म्हणूनच, मेडिकेड ही दुसऱ्या कोणाची तरी योजना आहे असे समजून जे चांगले कमावते कुटुंब निश्चिंत असते, तेही घरात पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा जन्मजात व्याधी शिरली, की काही वर्षांत आपली शिल्लक संपवून त्याच दारात येऊन उभे राहते.

आता या योजनेच्या रचनेतील एक मूलभूत दोष आपल्या ध्यानात आणून देणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा अनर्थ त्याच्यातून उद्भवतो. १९६५ च्या कायद्याने नर्सिंग होममधील वास्तव्याचा खर्च देणे प्रत्येक राज्याला बंधनकारक केले. घरी राहणाऱ्या अपंग माणसाला मदतनीस देणे मात्र बंधनकारक केले नाही. त्या काळी अपंगांचे स्थान संस्थेत, भिंतींच्या आड, हाच सर्वमान्य शिरस्ता होता, आणि त्या शिरस्त्याचे फळ न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरील विलोब्रुक या सरकारी निवासी शाळेत जगाला दिसले. चार हजारांसाठी बांधलेल्या त्या इमारतींमध्ये एके काळी सहा हजारांच्या आसपास मुले आणि प्रौढ कोंडलेले होते. १९६५ साली सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी तेथे पूर्वसूचना न देता भेट दिली आणि बाहेर येऊन त्या जागेचे वर्णन सापांच्या विवराच्या भाषेत केले. १९७२ साली हेराल्डो रिव्हेरा हा तरुण वार्ताहर कॅमेरा घेऊन आत गेला आणि उघड्यानागड्या, घाणीत बसलेल्या मुलांची दृश्ये घराघरांत पोहोचली. पालकांनी फिर्याद केली, १९७५ मध्ये न्यायालयासमोर तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि तरीही ती संस्था पूर्णपणे बंद व्हायला १९८७ साल उजाडावे लागले. ज्यांना असे वाटते की घरच्या सेवा कमी केल्या म्हणून फार काही बिघडणार नाही, त्यांनी विलोब्रुकचा इतिहास एकदा सावकाश वाचावा, कारण घरच्या सेवा अस्तित्वात नव्हत्या तेव्हा मुले कोठे जात होती याचे उत्तर त्यात आहे.

घराचा दरवाजा उघडला तो आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्सच्या एका बालिकेमुळे. केटी बेकेट ही १९७८ साली जन्मली, काही महिन्यांची असतानाच तिला मेंदूज्वर झाला, शरीर लुळे पडले आणि श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागला. रुग्णालयात राहील तोवर तिचा खर्च मेडिकेड देणार, आणि आईवडिलांनी घरी नेले तर त्यांचे उत्पन्न हिशेबात धरून तो बंद करणार, असा तेव्हाचा नियम होता. तिला घरी ठेवण्याचा खर्च रुग्णालयाच्या सुमारे एक षष्ठांश होता, तरीही नियम तो नियम. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांसमोर हे उदाहरण जाहीरपणे मांडले आणि असल्या नियमात शहाणपण ते काय, असे विचारले. खर्चकपातीचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांची ख्याती, त्या अध्यक्षांना हे पटले होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केटी घरी आली, शाळेत गेली, मोठी होऊन अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली आणि २०१२ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी निधन पावली. तिच्या आईने, ज्यूली बेकेट यांनी, आपले आयुष्य तिच्यासारख्या इतर मुलांच्या कुटुंबांसाठी वेचले. त्याच १९८१ साली काँग्रेसने असा कायदा केला की राज्यांनी परवानगी मागितल्यास घरी व समाजात राहणाऱ्यांना सेवा देण्यासाठी मेडिकेडचा पैसा वापरता येईल. या परवानगीच्या योजनांना येथे वेव्हर म्हणतात, आणि आज घरी राहून जगणारी लाखो अपंग माणसे या वेव्हरांच्या आधाराने जगतात.

पुढे १९९० साली अपंग अमेरिकनांच्या हक्कांचा कायदा झाला, आणि त्याच्या आधारे, जॉर्जिया राज्यातील मनोरुग्णालयात विनाकारण अडकून पडलेल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांच्या खटल्यात, २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की समाजात राहू शकणाऱ्या आणि राहू इच्छिणाऱ्या अपंग माणसाला निष्कारण संस्थेत डांबणे हा भेदभाव होय. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेला हा ओल्मस्टेड निवाडा म्हणजे अपंगांची सनदच मानली जाते, आणि ती मान्यता यथार्थ आहे. परंतु तत्त्व न्यायालयाने सांगितले तरी तिजोरीचा सांगाडा जुनाच राहिला: नर्सिंग होम हा हक्क, आणि घरची सेवा ही राज्याच्या मर्जीवरील सवलत. वेव्हरमध्ये जागा मर्यादित. त्या भरल्या की प्रतीक्षायादी. २०२४ साली साऱ्या देशातील अशा याद्यांवर मिळून सात लाखांच्या वर नावे होती, आणि त्यांत बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा. काही कुटुंबे मूल तान्हे असताना नाव घालतात आणि मूल मिसरूड फुटण्याच्या वयाला येते तेव्हा पाळी येते.

राज्याच्या तिजोरीत तूट आली म्हणजे कात्री कोठे चालणार, हे या रचनेनेच ठरवून टाकले आहे. जवळजवळ प्रत्येक राज्याला आपला अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचे बंधन आहे. संघ सरकारप्रमाणे कर्ज काढून वर्ष निभावून नेण्याची सोय त्याला नाही. जे बंधनकारक आहे त्याला हात लावता येत नाही, म्हणून जे ऐच्छिक आहे त्याच्यावर घाला पडतो: मदतनिसांचे तास, आईबापांना मिळणारा मोबदला, दिवसभराची कार्यशाळा, कुटुंबाला चार दिवस उसंत देणारी विश्रांतिसेवा. यातील हिशेबाची एक बाजू विधिमंडळात क्वचितच कोणी बोलून दाखवितो, ती अशी. मेडिकेडच्या खर्चात संघ सरकारचा वाटा किमान निम्मा असतो, आणि गरीब राज्यांत तो पाऊणपर्यंत जातो. इंडियानासारख्या राज्यात तो ६५ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे, स्वतःच्या तिजोरीतील एक डॉलर वाचविण्यासाठी त्या राज्याला जवळजवळ तीन डॉलरांची सेवा बंद करावी लागते. उरलेले दोन डॉलर वॉशिंग्टनहून येणार होते, ते येत नाहीत. गळत्या छपराखाली ठेवलेले भांडे जागा अडविते म्हणून उचलून न्यावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

श्रोतेहो, ज्या घरात ही सेवा चालते तेथील एक रात्र आपण डोळ्यांसमोर आणावी. मुलाच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसविलेली आहे. तीत कफ साठला की काही मिनिटांत जीव गुदमरतो, म्हणून यंत्राने तो ओढून काढावा लागतो, आणि तो केव्हा साठेल याला वेळकाळ नाही. पोटात दुसरी नळी आहे. तीतून ठराविक वेळी, ठराविक वेगाने अन्न जाते, आणि तिच्या तोंडाशी जखम चिघळणार नाही हे पाहावे लागते. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. व्हेंटिलेटरचा इशारा वाजला की तो नळी निसटल्याचा आहे, पाणी साचल्याचा आहे की मूल नुसते हसल्याचा, हे आवाजावरून ओळखावे लागते. रुग्णालयात हेच काम शिक्षित परिचारिका पाळ्यापाळ्यांनी करतात; घरी ते आई करते, आणि सकाळी पाळी बदलायला कोणी येत नाही. तिने नोकरी सोडलेली असते, कारण अशा मुलाला कोणतेही पाळणाघर घेत नाही आणि घरी येणारी परिचारिका मंजूर झाली तरी प्रत्यक्षात मिळत नाही: मेडिकेडचे दर इतके अपुरे असतात की तेवढ्या पगारावर माणसे येत नाहीत, आणि आली तरी टिकत नाहीत. कागदावर आठवड्याचे चाळीस-पन्नास तास मंजूर असावेत आणि महिनोन्महिने एकही तास भरला जाऊ नये, ही तक्रार या देशात कोणत्याही राज्यात ऐकू येते.

हीच अडचण २०२० च्या महामारीत शिगेला पोहोचली. परकी माणसे घरात येणे बंद झाले, तेव्हा संघ सरकारने राज्यांना सवलत दिली की अल्पवयीन मुलांच्या आईबापांनाही या कामाचा मोबदला देता यावा. ज्या कामासाठी पैसा मंजूर होताच, पण माणूस मिळत नव्हता, ते काम करणाऱ्या माणसाच्या हाती तो अनेक राज्यांत प्रथमच पडला. घरांचे हप्ते भरले गेले, आणि, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, मुलांची काळजी घेणारी व्यक्ती बदलती राहिली नाही.

इंडियानात पुढे जे घडले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या कुटुंब व समाजसेवा खात्याने असे जाहीर केले की मेडिकेडच्या खर्चाचा अंदाज जवळजवळ एक अब्ज डॉलरांनी चुकला आहे. अंदाज करणारे अधिकारी, चूक त्यांची. तिची भरपाई कोणाकडून करावी? जानेवारी २०२४ मध्ये खात्याची तजवीज बाहेर आली: १ जुलैपासून अल्पवयीन मुलांच्या आईबापांना आणि पतिपत्नींना मदतनीस म्हणून मिळणारा तासावारी मोबदला बंद, आणि त्याऐवजी कौटुंबिक शुश्रूषेची दुसरी योजना, जीत तीन श्रेणी पाडून ठोक दैनिक रक्कम मिळेल. ज्या आईचे मूल चोवीस तास यंत्रावर आहे तिच्या हिशेबी या बदलाचा अर्थ उत्पन्नात मोठी घट, एवढाच होता. इंडियानापोलिसच्या विधानभवनात त्या हिवाळ्यात आईबाप चाकांच्या खुर्च्या, प्राणवायूची नळकांडी आणि मुले घेऊन आले, वऱ्हांड्यात उभे राहिले, आणि आमदारांपुढे आपली कैफियत मांडली. त्यांच्यापैकी काहींच्या वतीने नागरी हक्कांची व अपंगांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्या संस्था संघीय न्यायालयात गेल्या. मुलांना आवश्यक ती वैद्यकीय सेवा देणे मेडिकेडच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ती न देणे म्हणजे त्यांना संस्थेकडे ढकलणे आहे, अशी त्यांची मांडणी होती, आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. पण आदेश फिर्यादी कुटुंबांपुरता. इतर कुटुंबांना नव्या योजनेत जावेच लागले.

या मोबदल्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आपल्या मराठी घरांतही मोठ्या प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर करतो. आईने पोटच्या मुलाचे केले त्याचे पैसे कसले? पत्नीने पतीची सेवा केली तर सरकारने तिला तनखा का द्यावा? कर्तव्याला किंमत लावली की कर्तव्याचे तेज जाते, असे म्हणणाऱ्यांची भावना मला समजते. मीही त्याच संस्कारांत वाढलो. परंतु कायदा निरोगी मुलाच्या संगोपनाचे पैसे देतच नाही. मुलाला जेवू घालणे, शाळेत सोडणे, तापात जागणे, हे सर्व आईबापांचे कर्तव्य मानून ते हिशेबातून वगळलेले आहे. मोबदला मिळतो तो त्याच्या पलीकडल्या, एरवी ज्यासाठी सरकारने परक्या माणसाला नेमून पगार दिला असता, त्या असामान्य कामाचा. आणि कर्तव्य म्हणून ती आई ते काम पैशावाचूनही करीलच, हे खरे आहे. तिच्या या न थांबण्यावरच तर कपात करणाऱ्यांची सारी भिस्त आहे. ज्याच्यावर आपण खात्रीने विसंबून राहू शकतो त्यालाच उपाशी ठेवावे, हे धोरण कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. आपल्या समाजात शुश्रूषेचा महिमा गाणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातील बहुतेकांनी एकही रात्र जागून काढलेली नाही, हे मला येथे कठोरपणे म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप लबाडीचा. पैसे घरच्यांनाच मिळू लागले म्हणजे न केलेल्या कामाची बिले निघतील, असे म्हणतात. काही ठिकाणी निघालीही असतील. लबाडी रुग्णालयांत आणि नर्सिंग होममध्येही होते, म्हणून रुग्णालये कोणी बंद करीत नाही. शिवाय २०१६ च्या कायद्यानुसार घरी येणाऱ्या मदतनिसाने कोणती सेवा, कोणाला, कोणी, कोठे, कोणत्या दिवशी, केव्हापासून केव्हापर्यंत दिली, याची इलेक्ट्रॉनिक नोंद करण्याची व्यवस्था राज्यांना करावी लागलेलीच आहे. हिशेबतपासणी कडक करावी, दोषींवर खटले भरावेत; निर्दोष मुलाचे तास कापणे हा लबाडीवरील इलाज नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: खर्च वाढतो आहे. तो वाढणारच, कारण माणसे अधिक जगतात, पूर्वी जी बालके दगावत ती आता वाचतात, आणि ही प्रगती आपल्याला हवी आहे. प्रश्न एवढाच की तो खर्च कोणाच्या खाती पडावा. अमेरिकेतील निवृत्तांच्या मोठ्या संघटनेने केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली सुमारे ३ कोटी ८० लाख माणसांनी आपल्या प्रौढ आप्तांची विनामोबदला केलेली शुश्रूषा ३६ अब्ज तासांची होती, आणि तिची किंमत सुमारे ६०० अब्ज डॉलर भरते. एवढा भार जे घर आधीच उचलीत आहे, त्याच्याच माथ्यावर राज्याने आपली तूट लादली म्हणजे ती तूट नाहीशी होत नाही. ती सरकारी वहीतून निघून स्वयंपाकघरातील कपाटात ठेवलेल्या बिलांच्या गठ्ठ्यात जाते. तेथून काही काळाने ती परत येतेच. आईची पाठ जाते, बापाची नोकरी जाते आणि नोकरीबरोबर खाजगी विमा जातो, मूल न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात पोहोचते, आणि अखेर ज्या नर्सिंग होमचा खर्च वर्षाला एक लाख डॉलरांच्या वर असतो तेथे त्याची रवानगी होते, आणि तो खर्च देणे तर राज्याला बंधनकारकच आहे.

आता तर तुटीचे नवे पर्व सुरू झाले आहे. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यामुळे येत्या दहा वर्षांत मेडिकेडवरील संघीय खर्च ९०० अब्ज डॉलरांहून अधिक कमी होईल, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज आहे. त्या कायद्यात अपंगांच्या सेवा बंद करा असे कोठेही लिहिलेले नाही, आणि त्याचे समर्थक हे वारंवार सांगतात. परंतु राज्ये आपला वाटा उभा करण्यासाठी रुग्णालयांवर व इतर सेवासंस्थांवर जो कर बसवितात त्याला नवी मर्यादा घातली गेली, त्यांच्या हाती येणारा पैसा आटला, की ऐच्छिक खात्यावर घाला पडणार हे मी मघाशी सांगितलेच. कायद्याचे पुढचे टप्पे अमलात येण्यापूर्वीच त्याच वर्षी आयडाहोने मेडिकेडचे दर सरसकट ४ टक्क्यांनी उतरविले आणि आईबापांना मोबदला देण्याची सोयही काढून घेतली. नॉर्थ कॅरोलिनाने १ ऑक्टोबरपासून ३ ते १० टक्के दर कापले.

नॉर्थ कॅरोलिनात मात्र निराळे घडले. स्वमग्न मुलांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली, सेवासंस्थांनी आकडे मांडले, वृत्तपत्रांतून घराघरांच्या हकीकती येऊ लागल्या, आणि डिसेंबरात गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी ती कपात मागे घेतली. अवघ्या अडीच महिन्यांत. कपात ही दैवी आपत्ती नाही. ती कोणा माणसाने सही करून लागू केलेली असते, आणि सही मागे घेता येते.

न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे असे समजून मात्र कोणी स्वस्थ बसू नये. आयडाहोतीलच सेवासंस्थांनी, दर अपुरे आहेत म्हणून, मागे दावा लावला होता. २०१५ साली आर्मस्ट्राँग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की दरांबाबत अशी दाद संस्थांना मागता येणार नाही. २०२३ मध्ये इंडियानातीलच एका नर्सिंग होमच्या प्रकरणात, तालेव्स्की खटल्यात, न्यायालयाने रुग्णांचा दाद मागण्याचा हक्क राखला, आणि त्यामागे अपंगांच्या संघटनांनी केलेली प्रचंड चळवळ होती. पण २०२५ च्या जून महिन्यात मेडिना खटल्यात तो हक्क पुन्हा संकुचित झाला. दर किती असावेत, वेव्हरमध्ये जागा किती असाव्यात, आईला मोबदला मिळावा की नाही, हे निर्णय म्हणून यापुढे मुख्यतः राज्यांच्या विधानभवनांत होणार आहेत. तेथे जो हजर राहतो त्याचे ऐकले जाते. रुग्णालयांचे प्रतिनिधी तेथे नित्य हजर असतात, नर्सिंग होमच्या मालकांचेही असतात. रात्रभर जागलेली आई नसते.

आणि आता आपल्याविषयी. आपल्या मंडळांतून गणेशोत्सव होतात, नाटके होतात, अधिवेशने भरतात; त्या सभागृहांत चाकाची खुर्ची मला फार थोडी दिसते. आपल्यात अपंग मुले नाहीत म्हणून नव्हे, तर ती घरी आहेत म्हणून. अनेक आईबाप मेडिकेडचा अर्ज करणे कमीपणाचे मानतात, आणि केटी बेकेटच्या नावाने चाललेल्या सवलतीत अनेक राज्यांत मुलाच्या बाबतीत पालकांचे उत्पन्न धरले जात नाही, हे त्यांना वर्षानुवर्षे कोणी सांगतही नाही. आपल्यापुढे आणखीही अडचणी आहेत. १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर बहुतेकांना पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही, म्हणून मुलांकडे राहायला आलेल्या वृद्ध आईवडिलांचा भार सुनेवर पडतो. मूल येथे जन्मून नागरिक झालेले असते, त्याला सेवा मंजूर होते, परंतु आई पतीच्या नोकरीच्या आधारे मिळालेल्या एच-४ व्हिसावर असली आणि तिला काम करण्याची परवानगी नसली, तर तिच्या कामाचा मोबदला तिला घेता येत नाही. या घरांना बोलते करणे, त्यांना अर्ज भरून देणे, प्रतीक्षायादीत नाव आजच घालायला लावणे, हे काम आपल्या प्रत्येक मंडळाने अंगावर घेतले पाहिजे. जे नागरिक झालेले आहेत, ज्यांच्या हाती मत आहे, त्यांच्यावरची जबाबदारी तर अधिक आहे, कारण व्हिसावरच्या आईला जे बोलता येत नाही ते त्यांना बोलता येते.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे ती अशी. आपल्या राज्याच्या विधिमंडळाचे पुढचे अधिवेशन केव्हा भरते आणि मेडिकेडच्या खर्चाचा विचार कोणत्या समितीपुढे होतो, हे या आठवड्यात शोधून काढा. आपल्या आमदाराला पत्र लिहा, आणि त्यात मोठमोठी तत्त्वे न मांडता एकाच घराचा, एकाच मुलाचा, एकाच महिन्याचा हिशेब मांडा. समितीपुढे साक्षीला फार तर काही मिनिटे मिळतात. त्या मिनिटांसाठी त्या मुलाच्या आईलाच उभे करा, कारण तिच्याइतके कोणी जाणत नाही. आणि ती म्हणेल की मला घर सोडता येत नाही. तेव्हा तिच्याकडे आदल्या आठवड्यात जा, नळी कशी स्वच्छ करायची, इशारा वाजला तर काय करायचे, हे तिच्याकडून नीट शिकून घ्या, शक्य तर एखादी परिचारिका सोबत न्या, आणि सुनावणीच्या दिवशी ती विधानभवनातून परत येईपर्यंत तिच्या मुलाजवळ तुम्ही बसा.